मामाचा कान

११ मे, सोमवार
पहाडात येऊन दोन महिने. काम तेच, यात्रेकरूंची हेलिकॉप्टरं धुणं-पुसणं. मामा इथला जुना मिस्त्री. लोखंडी चकतीनं वरच्या पंख्याच्या पात्यावर टकटक करत जातो. ठण्ण वाजलं तर चांगलं. ठप्प वाजलं तर आतला पदर सुटलेला. मला हात लावू देत न्हाई. "भाच्या, तू पाणी मार. कान मी लावतो."
जिंतूरच्या बाजारात माय माठ घेताना असंच वाजवती. त्यात काय एवढं!

१२ मे
आज तिसऱ्या पात्याच्या टोकाला ठप्प वाजलं. मामा थांबलाच न्हाई. सही करून मोकळा.
जेवताना मागून दोनदा हाक मारली. वळला न्हाई. इतकी वर्षं इंजिनाजवळ…
सकाळी त्याच हेलिकॉप्टरात यात्रेकरू बसणार. बोललो तर मामाची नोकरी जाती. न बोललो तर…

१३ मे
उजाडताच गेलो. "मामा, तिसरं पातं परत वाजवा."
"लय शाना झाला का रं?"
चकती घेऊन मीच वाजवलं. ठण्ण. ठण्ण. ठप्प. मामा माझ्या तोंडाकडं बघायलाय. "सारखंच तर हाय," हळूच म्हणला. मग माझ्या हाताखालीच खडूनं गोल काढला अन् साहेबाकडं गेला.
उड्डाण रद्द. मशीन लावून बघितलं, पदर सुटलेलाच. साहेबानं मामाची पाठ थोपटली. ह्या वयात काय कान हायत म्हणं! मामा हसला. मी पण हसलो.

१४ मे
मामानं चहा पाजला. "उद्यापासून माझ्याजवळ उभा राहा. ठप्प वाजलं की खोकायचं. दिवाळीपर्यंत निभाव, मग मी चाललो गावाला, येलदरीला."
हो म्हणलं. का म्हणलं कुणास ठाऊक.

१५ मे, शुक्रवार
पाण्याच्या टाकीमागं बसून लिहायलोय.
आज दुसरं हेलिकॉप्टर. यात्रेकरू रांगेत बसलेले, एक म्हातारी डबा उघडून खायलीय. मामानं टकटक सुरू केली अन् शेजारी कुणीतरी इंजिन चालू केलं. मला काहीच ऐकू येईना. मामा दर टोल्याला माझ्याकडं बघायचा. थांबा म्हणून सांगायचं तर साहेबासकट सगळ्यांदेखत कसं?
चौथ्या पात्यावर मी खोकलो. काही ऐकलं न्हवतं. भ्यालो होतो.
मामानं खडू काढला. नुसत्या ओठांनी विचारलं, "कुठं?"
मी पळत इथं आलो.
इंजिन बंद झालंय. साहेब हाका मारायलेत. मामाला न्हाई, मला.