आप्पांनाही दिसतं

प्रिय दादा,

फोनवर मोकळं बोलता येत नाही, आप्पा शेजारीच बसलेले असतात. म्हणून हे पत्र. आई गेल्यापासून माळेगावच्या या घरात आम्ही दोघंच. मी दिवसभर पुण्याच्या कंपनीसाठी गेमची चित्रं काढते आणि ते खुर्ची ओढून माझ्या स्क्रीनकडे बघत राहतात.

सध्याच्या गेमबद्दल तुझ्याशी मागे बोलले होते. समुद्राच्या तळाशी काहीतरी अवाढव्य निजलेलं आहे. ते कुणावर चिडत नाही, कुणाचा सूड घेत नाही. माणूस म्हणून काही असतं हेच त्याला ठाऊक नाही. पण त्याची नुसती चाहूल लागली तरी खेळणाऱ्याची मती ढळत जाते. दारं जागा बदलतात, पाट्यांवरची अक्षरं वळवळतात, ओळखीचे चेहरे पुसट होतात. ती दारं, त्या पाट्या, ते चेहरे मी काढते. भुताला निदान उतारा असतो, याला काहीच नाही. तेच मला या कामात आवडायचं.

दिवाळीनंतर एका सकाळी मी असंच एक घर रंगवत होते. आप्पा वाकून म्हणाले, "हे कुनाला दिसतं गं?"

म्हटलं, "गेममधल्या माणसाला."

त्यांनी बराच वेळ स्क्रीनवर बोट टेकवून ठेवलं. "त्येला म्हनावं, भिऊ नगं. मलाबी दिसतं."

मी हसले, पण ते हसत नव्हते. उभा जन्म बारामती-इंदापूर एसटी चालवलेला माणूस सांगत होता, की बाजारातून परत येताना चौकातल्या पाटीवर मुंग्या चालतात, आणि आपलं स्वैपाकघर कधी डाव्या हाताला असतं, कधी नसतंच. इतके दिवस गप्प का राहिलात, विचारलं, तर म्हणाले, "लोक म्हनतील, डायवर येडा झाला."

बारामतीच्या डॉक्टरांनी तपासण्या करून विस्मृतीचा आजार सांगितला. तुला कळवलं तेव्हा तू म्हणालास, असले गेम करून तुझंच डोकं फिरलंय. मी वाद घातला नाही. खरं सांगू? तसं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात भर दुपारी ते घरातून निघून गेले. मी शोधत फिरले, तर ते उसात सापडले. डोक्याच्या वर ऊस, चारी बाजूंनी सारखाच, आणि मधोमध ते उभे. तोडणीच्या टोळीतल्या साखरबाईंनी हाताला धरून त्यांना बाहेर आणलं. "वरडत बी न्हवतं बाबा, नुसतं गप हुबं व्हतं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी आप्पा अगदी पहिल्यासारखे होते. चहा पिऊन झाल्यावर त्यांनीच कुलूप शोधून माझ्या हातात ठेवलं. "गेटाला लाव. मी किती बी आरडलो तरी उघडू नगं. त्यो मी न्हाय, आसं समज."

मी लावलं. आज दुपारी ते गेटाशी उभे राहून मला हात जोडत होते. "बाई, सोडा की मला. माझी सोनी घरी एकटीच हाय." मी शेजारीच उभी होते, किल्ली मुठीत. मीच सोनी, असं कितीदा सांगितलं. नाही उघडलं, दादा. ते दमून खाली बसले तरी नाही उघडलं. मी त्यांचा शब्द पाळला की माझ्या बापाला कोंडून घातलं, हे मला एकटीला ठरवता येत नाही. समजूत घालायला फोन करू नकोस. तू ये.

तुझीच,
सोनल