बरका पडद्यावर येते तेव्हा

३ नोव्हेंबर
पोचले एकदाची बेटावर! स्फाक्स शहराहून सुटलेल्या फेरीबोटीत शेजारी एक शेळी होती. सबंध वाट ती माझ्या शालीचा कोपरा चघळत बसली. तरी मन खूश आहे. माझी पहिली स्वतंत्र नेमणूक. मच्छीमार बोटींवर नजर ठेवणारं केंद्र म्हणजे धक्क्यावरची पांढरी दुमजली इमारत. वर यंत्राची खोली, खाली केंद्राचे राखणदार अम खमैस राहतात. अम म्हणजे काका. सगळं बेट त्यांना असंच हाक मारतं. मला बघून म्हणाले, "संगणकाला वैद्य मागवला, तर यांनी नवरी धाडली!" मी म्हटलं, नवरीला आधी जेवू तर घाला. ऑक्टोपसचं झणझणीत कालवण आणि जवाची भाकरी. पोट तुडुंब.

५ नोव्हेंबर
दुखणं कळलं. मच्छीमार बोटींवर जुन्या पेट्या आहेत. बोट कुठे आहे ते पेटी कळवते आणि आमच्या पडद्यावर नावासकट ठिपका उमटतो. ते ठिपके वाचणारा प्रोग्रॅमही जुनाच. नव्या संगणकावर तो उघडतच नाही. म्हणून सेटिंगमध्ये ‘जुन्या प्रणालीप्रमाणे चालवा’ या चौकटीत खूण करायची. मग प्रोग्रॅमला वाटतं, काळ अजून तोच आहे. खूण केली की तो चालतो, पण मध्येच पडदा निळा होतो आणि सगळं बंद पडतं. संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत आम्ही आंधळे. समुद्रात कोण बुडालं, कोण तरलं, काही कळत नाही.
अम खमैसना हे समजावलं, तर हसले. "यंत्राशी खोटं बोलतेस होय, पोरी?"

८ नोव्हेंबर
मेमरी बदलली. ड्रायव्हर बदलले. सगळं पुसून नव्यानं टाकलं. तरी तेच. शेवटी पडद्यासमोर ठाण मांडून बसले, तेव्हा दिसलं. निळा होण्याआधी दर वेळी एक ठिपका येतो. नाव: बरका. इतर बोटींपासून दूर, उत्तरेला.
बंदरात रिधाला विचारलं. तो ‘झीना’ बोटीचा तांडेल, तोंडाचा फटकळ. पण नाव ऐकताच हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाला, बरका बुडून बरीच वर्षं झाली. अम खमैसचा मुलगा लमजद तिच्यावर होता. कुणीच सापडलं नाही.

९ नोव्हेंबर
जुना साठलेला संदेश असणार. प्रोग्रॅमची प्रत माझ्या लॅपटॉपवर घेतली. अँटेना नाही, तार नाही, काही नाही. खूण केली.
ठिपका आला. पडदा निळा.
काल होती त्यापेक्षा जवळ आहे ती.

११ नोव्हेंबर
अम खमैसना सगळं ठाऊक आहे. संगणक बंद पडतो म्हणून तक्रार त्यांनी केलीच नव्हती, ती मच्छीमारांनी केली. ते रोज दुपारी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसतात. मी म्हटलं, खूण काढून टाकते, नवा प्रोग्रॅम येईपर्यंत बोटी समुद्रात जाऊ नयेत. त्यांनी माझे हात धरले. बर्फासारखे थंड हात.
"किनाऱ्याला लागू दे गं त्याला. एकदाच."
स्फाक्सच्या मुख्य कचेरीला फोन केला. नवा प्रोग्रॅम पुढच्या वर्षी, म्हणाले.

१३ नोव्हेंबर
बरका आता बंदराच्या तोंडाशी. खिडकीतून पाहिलं — पाणी मोकळं. पण धक्क्यावरची कुत्री त्याच दिशेला भुंकत होती. मग एकदम मागे सरली.
खूण काढली. बोटी निघू नयेत म्हणून बंदरावर सांगून आले. रिधा म्हणाला, मग घरी काय चूल चाटायची? तो गेलाच.

१४ नोव्हेंबर, दुपार
वादळ. भर दुपारी दिवा लावावा लागला. झीना परतलेली नाही. रिधाची बायको खाली दाराशी रडतेय. खूण पुन्हा करावीच लागली, दुसरा उपायच नाही —
झीनाचा ठिपका दिसला! पूर्वेला वाहत चाललीय. जागा फोनवरून बचावबोटीला सांगतेय. प्रवाह तिला सारखा हलवतोय, म्हणून नवी जागा सारखी सांगायची —

बरकाही आली. धक्क्याला लागलेली. पडदा निळा होऊ नये म्हणून देवाचा धावा केला. नाही झाला. पहिल्यांदाच नाही झाला.
खाली अम खमैस रडताहेत की हसताहेत, कळत नाही. लमजद, लमजद म्हणताहेत. रिधाच्या बायकोचं रडणं मात्र एकदम थांबलं.

जिन्यावर पावलं. खूप. जड, ओली. एकट्या लमजदची नाहीत.
बचावबोटवाले विचारताहेत, झीना आता कुठे. सांगितलं. थोडंच अंतर उरलंय, म्हणाले, बोलत राहा.

खूण काढली तर हे थांबेल. पण झीना दिसेनाशी होईल. रिधा जाईल —
अजून थोडं. नुसतं थोडं —

दाराखालून पाणी आत येतंय. खारट वास. अम खमैस बाहेरून म्हणताहेत, उघड पोरी, पोरं गारठलीत —

बचावबोट विचारतेय. पूर्वेला, आणखी पूर्वेला, मी सांगतेय, सांगतेच आ