अकराव्या गाडीचे कागद

दि. १२ जानेवारी

प्रिय बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तू बरी असशील, गुडघा कमी दुखत असेल. तुझ्या यजमानांना नमस्कार सांग. इकडे सगळं ठीक. माझं पोट, झोप आणि दात आपापल्या जागी कुरकुरत आहेत.

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही. तुझ्या वहिनीच्या वेळी लिहिलं, त्यानंतर लिहिणं झालं नाही. फोनवर तर मला बोलताच येत नाही. 'हॅलो' म्हटलं की पुढचं सगळं विसरतो.

पत्र लिहिण्यास कारण की, माझ्या डोक्याला मोठा ताप झाला आहे. आमचा इथे जुन्या गाड्यांचा क्लब आहे. क्लब म्हणजे काय, दर रविवारी जमून एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवणारे म्हातारे. त्यांच्या डोक्यात आता परदेशवारी शिरली आहे. अकरा गाड्या बोटीत घालायच्या, तुमच्या देशात उतरवायच्या आणि मे महिन्यात सोळा दिवस रस्त्याने फिरवायच्या. सभेत माझ्या तोंडून एवढंच निघालं की, "लांबचा पल्ला आहे, टायर बघून घ्या." लगेच आमचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर, उठून म्हणाले, "वा! ह्यांना सगळं ठाऊक आहे. हेच सगळं बघतील." टाळ्या पडल्या. सातवीत शाळा सुटलेला माणूस मी, आणि माझ्या हातात परदेशातले फॉर्म!

आवळ्याची मोट आहे नुसती. डॉक्टरांना रोज एक संग्रहालय पाहिजे. 'कर्नल'ना घाट पाहिजेत. ते कधी सैन्यात नव्हते, मिशा आहेत आणि जीप आहे म्हणून कर्नल. त्यांची जीप साध्या पुलावर चढताना किटलीसारखी वाफ सोडते. सेक्रेटरीबाई आधी हेडमास्तरीण होत्या. मी केलेल्या याद्या त्या लाल पेनाने तपासून परत देतात. परवा तर खाली 'अक्षर सुधारा' असा शेरा होता.

गाड्यांच्या प्रदर्शनात दर वर्षी माझे गुण कापतात तेही ह्याच बाई. कारण माझ्या गाडीच्या गिअरची मूठ मूळची नाही, ड्रॉवरची आहे. असू दे ड्रॉवरची. गिअर पडतो ना?

तुला विचारायचं ते हे. आमचा रस्ता तुमच्या गावावरून जातो. म्हणजे थोडा वळवला तर जातो. तिथे अकरा गाड्या तासभर उभ्या राहतील अशी सपाट जागा आहे का? असंच विचारतो.

तुझा,
दादा


दि. ८ फेब्रुवारी

प्रिय बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याला शेक देत जा. शाळेच्या मैदानात वीस गाड्या मावतील आणि तू मुख्याध्यापकांना विचारूनही ठेवलंस, हे वाचून बरं वाटलं. तू पहिल्यापासून अशीच. सांगायच्या आधी कामाला लागणारी.

शेवटी विचारलं आहेस की माझी गाडी कोणती. जुनी आहे, लहान आहे, चार चाकांची आहे. इथे एवढा गोंधळ माजला आहे की स्वतःच्या गाडीकडे बघायला वेळ कोणाला आहे!

रस्त्यावरून भांडण झालं. तुमच्या गावाचं नाव वाचून बाईंनी विचारलं, "तिथे पाहण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "सपाट जागा आहे." कर्नल हसून हसून खोकत सुटले. डॉक्टर म्हणाले, "अहो, सपाट जागा बघायला आपण समुद्र ओलांडायचा?" मी अडून बसलो. शेवटी मी म्हटलं की तो थांबा काढलात तर तुमचे फॉर्म तुम्ही भरा. तेव्हा सगळ्यांना ते गाव एकदम पाहण्यासारखं वाटू लागलं.

मागच्या रविवारी सराव म्हणून अकराही गाड्या एका रांगेत शहराबाहेर नेल्या. मोठ्या चौकात सिग्नल सुटला, मी गिअर टाकला आणि मूठ हातात आली. मागे नऊ गाड्यांचे भोंगे. रांग सोडून शेजारी आलेले कर्नल ओरडले, "ओ मिस्त्री, गिअर आहे की छत्री?" हे नेहमीचं आहे. ड्रॉवरची मूठ दांडीच्या आट्यांवर फिरवून बसत नाही, म्हणून मी दांडीला कापडाची पट्टी गुंडाळून वर दाबून बसवतो. दोन-तीन महिन्यांनी निघते. पण परत आल्यावर डॉक्टर म्हणाले, "दांडीवर नवे आटे पाडून घ्या. चांगली मूठ बसवू. दहा मिनिटांचं काम." आणि खरोखर हत्यार घेऊन खाली वाकले. मी काय बोललो ते सांगत नाही. एवढंच की आट्यांना हात लावायचा नाही, असं मी इतक्या जोरात म्हणालो की बाईंचा चहा सांडला. आता क्लबात माझ्याशी सगळे जपून बोलतात.

दुसरा ताप कागदांचा. एका देशातून दुसऱ्या देशात गाडी न्यायची तर तिला स्वतःचा पासपोर्ट लागतो. माणसापेक्षा तिचेच लाड जास्त. दहा गाड्यांचे कागद मी नीट लावले. अकराव्या गाडीचं घोडं अडलं आहे. एजंट म्हणतो, गाडीच्या पुस्तकावर ज्याचं नाव, त्याची सही पाहिजे. आणि ते नाव भलत्याच माणसाचं आहे.

आमच्या क्लबातल्या एकाची गोष्ट आहे ही. बरीच वर्षं तो आपलीच गाडी म्हणून चालवतो. कर भरताना कोणी नाव विचारत नाही. आता मूळ मालकाकडे संमतीची सही मागायची तर त्याला तोंड नाही. तुला काय वाटतं? समज, तू मालक असतीस, तर दिली असतीस का सही? सहज विचारतो. तू शिकलेली आहेस म्हणून.

दादा


दि. १५ फेब्रुवारी

बारके,

मागच्या पत्राचं उत्तर यायच्या आत हे लिहितो आहे, कारण एजंट थांबायला तयार नाही. वीस मार्चच्या आत कागद हातात पाहिजेत, नाहीतर अकराव्या गाडीची जागा तो दुसऱ्या कोणाला देणार. तो बिचारा तरी काय करील? मीच महिनाभर त्याला उद्या-परवा करत होतो.

क्लबातला तो एक म्हणजे मी. तुला ते मागच्याच पत्रात कळलं असेल. लहानपणीसुद्धा मी खोटं बोललो की तू नुसती माझ्या कानांकडे बघायचीस.

गाडी आपल्या बाबांची. भंगारात गेली नाही. तुकडे झाले नाहीत. ती माझ्याकडे आहे, पलीकडच्या शेडमध्ये. रंग तोच, राखाडी. तू गेटाला घासलीस तो मागच्या मडगार्डचा पोचा मी काढलेला नाही.

बाबा गेले त्या वर्षी तुझं पत्र आलं होतं. त्यात होतं की बाबांनी गाडी माझ्या नावावर केली आहे, आता ती इकडे पाठवून दे. मला त्या वाक्याचा राग आला. खोटं असतं तर एवढा आला नसता. तू गाडी चालवायची परीक्षा पास झालीस त्या दिवशी बाबा ऑफिसात जाऊन तुझं नाव घालून आले होते. तेव्हा मी त्याच गाडीच्या खाली पडलो होतो. गिअरबॉक्स छातीवर घेऊन. त्यांनी बाहेरून ओरडून सांगितलं, "झालं रे, पोरीच्या नावावर केली," आणि मी खालून म्हटलं, "बरं." सातवीतून मला काढून बाबांनी आपल्या गॅरेजमध्ये बसवलं, तुला कॉलेजात घातलं, त्याचं मला काही नव्हतं. म्हणजे नाही असं मी म्हणायचो. पण त्या गाडीचा एकेक नट मी ओळखत होतो. मला ती नावावर नको होती. मला एकदा कोणी विचारायला हवं होतं.

म्हणून मी तुला चार ओळी लिहिल्या की गाडी भंगारवाल्याने तुकडे करून नेली. तू एवढंच लिहिलंस की निदान एखादा तुकडा उरला असेल तर पाठव. मग मी शेडमध्ये गेलो आणि गिअरची मूठ फिरवून काढली. पांढरी, बाबांच्या अंगठ्याने एका बाजूला खळगा पडलेली. सात फेऱ्यांत निघाली. फडक्यात बांधून तुला पाठवली. खोट्याला पुरावा जोडला मी.

तुझ्या वहिनीला हे माहीत होतं. शेवटच्या आजारात ती मला म्हणाली, "वन्संना कळवा हो." मी म्हटलं, कळवतो. आणि तुला तिच्या जाण्याचं पत्र लिहिलं, त्यात हे लिहिलं नाही.

एकतीस वर्षं मी ती ड्रॉवरची मूठ बसवतो आहे. दुसरी नीट बसवायची तर दांडीवरचे जुने आटे कापून नवे पाडावे लागतील. ते मी कोणाला करू दिलं नाही. का, ते मला विचारू नकोस.

सोबत संमतीचा फॉर्म आहे. खूण केली आहे तिथे सही कर. करायची नसेल तर करू नकोस. मी क्लबाला सांगेन की माझी तब्येत बरी नाही. ते लोक दहा गाड्या घेऊन तुझ्या मैदानात येतील, त्यांना पाणी तेवढं दे. कर्नलच्या जीपला जास्त लागेल.

पुढे काय लिहावं सुचत नाही.

दादा


दि. १७ मार्च

प्रिय बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा लिफाफा काल आला. चार आठवडे माझा जीव टांगणीला होता. पोस्टमन मला बघून रस्ता बदलायला लागला होता. एजंट रोज फोन करायचा आणि मी 'हॅलो' म्हणून पुढचं विसरायचो. ह्या वेळी मुद्दाम.

फॉर्मवर तुझी सही आहे. नीट, खुणेच्या जागी. एकही खाडाखोड नाही. सेक्रेटरीबाईंनीसुद्धा लाल पेन उचलला नाही. त्यांनी मालकाचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही तुमची कोण?" म्हटलं, "बहीण. सपाट जागा तिच्याच गावात आहे." बाईंनी फाईल उघडली. रस्त्याच्या यादीत तुमच्या गावापुढे 'एक तास' लिहिलं होतं, ते खोडून त्यांनी 'मुक्काम' केलं. पहिल्यांदाच त्यांनी केलेली दुरुस्ती मला पटली.

पण बारके, तुझ्यापुढे हात टेकले. फॉर्मला टाचलेली ती चिठ्ठी! मला वाटलं होतं, चार पानं शिव्या असतील. त्या मला चालल्या असत्या, मी तयारी करून बसलो होतो. नाहीतर 'जाऊ दे रे दादा' असं असेल. तेही चाललं असतं, निदान रडून मोकळा झालो असतो. आणि तू काय लिहिलंस? एवढ्याशा कागदावर एक ओळ.

"आटे तेच आहेत का?"

काल दिवसभर ती चिठ्ठी घेऊन घरात येरझाऱ्या घालत होतो. चिडलो. एकतीस वर्षांच्या पापाला ही बाई मिस्त्रीसारखा प्रश्न विचारते! मग आठवलं, मिस्त्रीचीच मुलगी आहेस. बाबासुद्धा असेच. कोणी गाडी ठोकून आणली तरी कशी ठोकलीस म्हणून विचारायचे नाहीत. चेसिस सरळ आहे का, एवढंच.

आज सकाळी शेडमध्ये गेलो. ड्रॉवरची मूठ काढली, कापडाची पट्टी सोडवली. रॉकेलमध्ये ब्रश बुडवून दांडीचं टोक घासलं. पट्टीच्या आत गंज धरला नव्हता. चष्मा लावून एकेक आटा बघितला, नखाने चाचपला. कर्नल आले होते. म्हणाले, "मिस्त्री, काय शोधताय?" मी म्हटलं, मोजतोय. ते गुडघे धरून शेजारी बसले आणि पहिल्यांदाच त्यांनी चेष्टा केली नाही.

ड्रॉवरची मूठ परत बसवली नाही. ड्रॉवरला लावून टाकली. परवा गाडी बंदरावर न्यायची आहे, ती तशीच उघड्या दांडीने नेईन. तळहाताला टोचते, टोचू दे. बोटीतून उतरल्यावरही तशीच आणीन.

सतरा मे, दुपारी चार वाजता, शाळेचं मैदान. डॉक्टर संग्रहालयात रेंगाळले तर साडेचार. ती मूठ पोस्टाने पाठवू नकोस. घेऊन ये आणि तूच बसव. मी हात लावणार नाही. किल्ली गाडीलाच असेल. तुला परत घेऊन जायची असेल तर घेऊन जा, मी बाकीच्यांबरोबर कर्नलच्या जीपमधून पुढे जाईन, वाफ खात.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, तेच आहेत. सात फेऱ्या. शेवटची जरा जड जाते, सोडू नकोस.

तुझ्या गाडीचा मिस्त्री,
दादा