तळघरातल्या बुधल्याची निरवानिरव

मी, देल्मिरा सेयोआने फेइशू, वय एक्याऐंशी, एलादियोची विधवा, राहणार पेनाल्बोस, ओउरेन्सेपासून बसने चाळीस मिनिटे, माझ्या स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने हा कागद लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात आज वार कोणता म्हणून विचारले. मी वार सांगितला, तारीख सांगितली आणि त्यांच्या शर्टाची बटणे एक घर चुकून लागली आहेत हेही सांगितले. त्यांनी तसा दाखला दिला आहे. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. जबरदस्ती करायला आता गावात माणसेही उरलेली नाहीत.

नोटरीबाई म्हणाल्या की सगळे स्वतःच्या अक्षरात लिहिले तर साक्षीदार लागत नाहीत, फक्त जिथे खोडाखोड होईल तिथे सही करा. तरी मी दोन साक्षीदार घेणार आहे. आमच्या गावात नुसत्या कागदावर कोणी विश्वास ठेवत नाही. ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीला बसवू नका, असेही बाईंनी बजावले आहे. ते मी लक्षात ठेवले आहे.

हा कागद लिहिण्याचे खरे कारण सातव्या कलमात आहे. पण आधीची कलमे वगळून कोणी तिकडे उडी मारू नये.

पहिले कलम. मला दफनभूमीच्या भिंतीत, एलादियोच्या शेजारच्या कोनाड्यातच ठेवावे. गेल्या महिन्यात मी हे बदलणार होते. मग विचार केला, मला त्याच्याशी बोलायचे आहे आणि तिथून त्याला उठून जाता येणार नाही. मयताला येतील त्या सर्वांना आमच्या कॉफीच्या लिकरचा फ्लान, म्हणजे जळक्या साखरेवर लावलेले अंड्या-दुधाचे पुडिंग, वाढावा. दुकानातला केक आणू नये. पाद्री अमान्सियो म्हणतात की मयताच्या घरी दारू घातलेले गोड शोभत नाही. त्यांना दोन वाढावेत, ते कधीच नको म्हणत नाहीत.

दुसरे कलम. घर, परसबाग आणि द्राक्षाच्या तीन ओळी माझी भाची इरिया हिला द्याव्यात. मला मूलबाळ नाही. इरिया ही माझी थोरली बहीण ओब्दुलिया हिची मुलगी. ओब्दुलिया समोरच्या घरात राहते. तिचा दरवाजा आणि माझा दरवाजा यांत अकरा पावले आहेत. ती अकरा पावले आम्हा दोघींपैकी कोणीही गेली तेहतीस वर्षे टाकलेली नाहीत. चर्चमध्ये मिस्साला ती डावीकडे बसते, मी उजवीकडे. इरिया मात्र दोन्ही घरी जेवत आली आणि या घरातले बोलणे त्या घरात तिने कधी नेले नाही. एवढ्या एका गुणासाठी घर तिचे.

तिसरे कलम. बँकेत जे असेल त्यातून माझा अंत्यविधी करावा. उरेल ते सान रोकेच्या जत्रेच्या मंडळाला द्यावे. अट एकच, लाउडस्पीकरचे तोंड माझ्या खिडकीकडे नको. मी नसले तरी नको.

चौथे कलम. कॉफी भाजण्याचा हाताने फिरवायचा लोखंडी डबा, दळायचे छोटे जाते, गाळायची फडकी आणि बिका, म्हणजे आमच्याकडचा लोण्याचा केक, त्याचे चौकोनी पत्रे इरियाला. फ्लानचे दोन साचे तिलाच. तिसरा साचा शेजारच्या सेल्सोला द्यावा. चौदा वर्षांपूर्वी त्याने तो नातीच्या बारशाला नेला, पोचा पाडून परत आणला आणि वर म्हणाला, पोचा आधीचाच आहे. त्याने रोज त्या पोच्याकडे बघावे.

पाचवे कलम, गोड पदार्थ. हे मी इरियाला अनेकदा तोंडी सांगितले आहे. ती मान डोलावते आणि मोबाइल बघते, म्हणून लेखी देते. लिकर करण्याची रीत: चोथ्याची दारू, म्हणजे द्राक्षे पिळून उरलेल्या चोथ्यापासून गाळलेली, आणि तीही गावोगाव भट्टी घेऊन फिरणाऱ्या शेनारोच्याच हातची. कॉफीच्या बिया घरी भाजलेल्या, निम्म्या अख्ख्या आणि निम्म्या ठेचलेल्या. साखर, संत्र्याची साल पांढरा भाग काढून, दालचिनीची एक काडी. बुधल्यात भरून चाळीस दिवस, रोज एकदा हलवायचे. एकोणचाळीस नाही.

फ्लानमध्ये लिकर दोनदा पडते: थोडे खालच्या जळक्या साखरेत, ती आचेवरून उतरवल्यावर, आणि बाकीचे दुधात, दूध कोमट झाल्यावर. उकळत्या दुधात ओतले तर नुसता वास घरभर होतो आणि फ्लानात काही राहत नाही. बिस्किटांच्या केकसाठी बिस्किट लिकर घातलेल्या कॉफीत बुडवावे आणि लगेच काढावे. बुडवून गप्पा मारत बसू नये. कार्निव्हलच्या पातळ धिरड्यांवर मध, त्यावर चमचाभर लिकर. बिका केक शिळा झाला तर टाकू नये, कापून त्यावर लिकर शिंपडावे. दुसऱ्या दिवशी तो ताज्यापेक्षा चांगला लागतो. मी जत्रेला मुद्दाम शिळा नेत असे, हे आता सांगायला हरकत नाही.

सहावे कलम, ग्लासातले. इरियाचा ओउरेन्सेमध्ये बार आहे. माझ्या आईच्या रीतीचे लिकर तिथे टॉनिकमध्ये ओततात हे कळले तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. मग एका रविवारी दुपारी ती मला घेऊन गेली. उंच स्टुलावर बसवले. एक ग्लास बर्फ, लिकर आणि थंड दुधाचा, एक टॉनिक आणि संत्र्याच्या सालीचा. तिसऱ्यात तिने अंड्याचा बलक घालून घुसळला होता, तो बघून मी म्हणाले, हे तर आई आजारपणात देत असे. इरिया म्हणाली, “मावशी, याचेच लोक इथे पैसे मोजतात. तू फक्त त्यांना आजारपणाचं सांगू नकोस.” मी तिन्ही संपवले. टॉनिकचेही चांगले होते. तेव्हा परवानगी देते, पण दुकानातून आणलेले लिकर आईच्या नावाने कोणाला पाजू नये. आणि बाटली नेहमी फ्रीजरमध्ये ठेवावी. खरे लिकर फ्रीजरमध्ये गोठत नाही, ते दाट होते आणि मधासारखे सावकाश पडते. गोठले तर त्यात पाणी आहे असे समजावे.

हे शेवटचे वाक्य लिहून मी बराच वेळ नुसती बसले होते. पुढचे कलम त्याच वाक्याचे आहे.

सातवे कलम, बुधला. तळघरात वेताच्या विणीतला मोठा काचेचा बुधला आहे. तो आईचा. आमच्याकडे असा बुधला कधी रिकामा करत नाहीत. एक तृतीयांश उरले की त्यावर नवे ओततात, म्हणजे जुने नव्यात राहते. त्यात आईच्या हातचे अजून चमचाभर तरी असेल. आई शेवटच्या हिवाळ्यात ओब्दुलियाच्या घरी होती आणि बुधलाही तिथेच होता. मार्च १९९० मध्ये आई गेली. बुधला माझ्याकडे आला, कारण गोड पदार्थ मी करते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, सान रोकेच्या जेवणाला, मी एक बाटली भरून फ्रीजरमध्ये ठेवली. फ्लानसोबत थंड द्यायची होती. चाळीस माणसे टेबलाशी होती. मी बाटली काढायला गेले तर ती गोठून तडकली होती आणि काचेतून तपकिरी बर्फ बाहेर आला होता. कोणीतरी हसले. मी ती फुटकी बाटली ताटात घालून बाहेर आणली आणि सर्वांसमोर बोलले: “आईच्या उशाशी बसून हिनं आईचं लिकर प्यायलं आणि वर पाणी भरलं. मरणाऱ्या बाईचंसुद्धा सोडलं नाही.”

ओब्दुलियाने चमचा खाली ठेवला. फ्लान अर्धा उरला होता. उठली आणि गेली.

बुधला मार्चपासून ऑगस्टपर्यंत, पाच महिने, माझ्याच छपराखाली होता. ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. आली असेल तर मी तिला बसू दिले नाही. आई शेवटी ओब्दुलियाकडे राहिली, माझ्याकडे नाही, याचा मला राग होता. हे मी आज प्रथमच कबूल करते.

गेल्या महिन्यात शेनारो आपली तांब्याची भट्टी घेऊन नेहमीप्रमाणे गावात आला. माझा चोथा गाळून झाल्यावर डबे भरताना म्हणाला, “एलादियो गेल्यापासून माझी एक बाटली दर वर्षी उरते बघ.” मी विचारले, कसली बाटली. त्याला वाटले मला सगळे ठाऊक आहे. डॉक्टरांनी एलादियोची दारू बंद केली तेव्हा मी घरातले सगळे कुलपात घातले होते. आईच्या बुधल्याला कुलूप नव्हते. त्याला कोणी हात लावील असे मला वाटलेच नाही. मी मळ्यात गेले की एलादियो रोज एक पेला काढत असे. नंतरच्या वर्षांत तो शेनारोकडून गुपचूप बाटली घेऊन बुधला भरून ठेवी. पण शेनारो येतो नोव्हेंबरात, आणि पहिल्या वर्षी नोव्हेंबर लांब होता. “बिचाऱ्याने किटलीतली कॉफी ओतली,” शेनारो म्हणाला. “बाटली फुटली तेव्हा फार ओशाळला होता, स्वतः सांगत होता मला.”

मला सांगितले नाही. त्या टेबलाशी तो माझ्या शेजारीच बसला होता. मूग गिळून बसला आणि आपला फ्लान संपवला. पुढे बावीस वर्षे माझ्यासोबत या घरात राहिला, आणि समोरचा दरवाजा रोज बघत राहिला.

सबब, माझी बहीण ओब्दुलिया निर्दोष आहे. तिने एक थेंबही घेतला नव्हता. मी खोटे बोलले, चाळीस माणसांसमोर बोलले. हे कलम माझ्या मयताच्या दिवशी फ्लान वाढण्याआधी सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावे. आणि आईचा बुधला, त्यात असेल त्या लिकरसह, ओब्दुलियाला द्यावा.

आठवे कलम. या वर्षीचे लिकर सान मार्तिन्योच्या दिवशी, ११ नोव्हेंबरला, भरले आहे. मी चाळीस दिवसांच्या आत गेले तर कोणीतरी रोज तळघरात उतरून बुधला हलवावा. मयत घरात असले तरी हलवावा.

देल्मिरा सेयोआने फेइशू
पेनाल्बोस, १२ डिसेंबर २०२३

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

सही करून मी कागद पुन्हा वाचला. ओब्दुलिया चौऱ्याऐंशीची आहे. ती माझ्याआधी गेली तर सातवे कलम कोणाला वाचून दाखवणार? मला मेल्यावर माफी मागायची होती, कारण तेव्हा समोरच्याचे तोंड बघावे लागत नाही. हा भित्रेपणा आहे. म्हणून कोट घातला आणि अकरा पावले टाकली. माझ्या पायांना आता ती चौदा लागतात.

तिने दार उघडले. मी म्हणाले, मला साक्षीदार हवा आहे, आणि कागद पुढे केला. तिने चष्मा लावला आणि उंबऱ्यातच उभी राहून पहिल्या कलमापासून वाचू लागली. मला आत ये म्हणाली नाही, दारही लावले नाही. पाचव्या कलमाशी थांबून म्हणाली, “आई दालचिनी कधीच घालायची नाही.” हे तिचे तेहतीस वर्षांतले पहिले वाक्य. मग सातवे वाचले. दोनदा वाचले. चष्मा काढून पुसला.

मी म्हणाले, “ताई, माझं चुकलं.”

तिने कागद घडी करून मला परत दिला. मग म्हणाली, “बुधल्यातली एक बाटली भर आणि फ्रीजरमध्ये ठेव. उद्या दुपारी मी येते. गोठली नाही तर सही करीन.”

दुसऱ्या दिवशी, १३ डिसेंबर.

सकाळी मी फ्लान केला, दालचिनीशिवाय. ओब्दुलिया बाराला आली, हातात स्वतःचा चमचा. मी फ्रीजरमधून बाटली काढून टेबलावर ठेवली. तिने ती स्वतः उचलली, उजेडात धरली, उलटी केली. लिकर आत सावकाश सरकले. तिने दोन पेले भरले. मग फ्लानचा अर्धा तुकडा मागितला. पुरा घे म्हणाले तर म्हणाली, अर्धाच राहिला होता.

ती साक्षीदार झाल्यामुळे सातव्या कलमातले शेवटचे वाक्य, बुधला ओब्दुलियाला द्यावा हे, मी रेघ मारून रद्द केले आहे. रेघ माझी, सही माझी. बुधला तिने आजच घेतला. शेजारच्या बाल्बिनोने तो ढकलगाडीवरून पलीकडे नेऊन दिला. अजून आठ दिवस तो हलवायचा आहे. एक दिवसाआड मी जाईन, एक दिवसाआड ती हलवील, असे ठरले आहे. आठवे कलम त्यामुळे तिच्या घराला लागू समजावे.

बाकी सर्व कलमे कायम. सातवे कलम मयताच्या दिवशी वाचावे, हेही कायम. ओब्दुलिया म्हणाली आता त्याची गरज नाही. गरज आहे, कारण त्या चाळिसातली नऊ माणसे अजून जिवंत आहेत.

देल्मिरा सेयोआने फेइशू

साक्षीदार पहिला: बाल्बिनो रेगादास, निवृत्त पोस्टमन. नाते काही नाही, शेजारी. सही माझ्यासमोर झाली. बुधला न सांडता पोहोचला.

साक्षीदार दुसरी: ओब्दुलिया सेयोआने फेइशू. काल कागद वाचला. आज बाटली पाहिली. गोठली नाही, म्हणून सही केली. नाते: थोरली बहीण.

पेनाल्बोस, १३ डिसेंबर २०२३