वहिनी आणि माझं शून्य

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसून अवघडलेली दोन अंगं वगळून). तुझा गुडघा कसा आहे? इकडे आई ठीक, मी ठीक, आणि तुझी बायको जरा जास्तच ठीक आहे. पत्राचं कारण तेच.

वहिनीला आमच्या कंपनीत चिकटवून दिलं ते मीच, हे मला माहीत आहे, आठवण करून देऊ नकोस. पण पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांदेखत मला 'वन्सं' अशी हाक मारली, आणि आता हिशेब विभागातले टकले काकासुद्धा मला वन्सं म्हणतात. तेही गिळलं. पुढचं गिळवत नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे: कॉम्प्युटरची मेमरी किती वेगाने माहिती देते ते मोजायचं. माझे आकडे इतके झकास येत, की साहेबांनी माझा आलेख भिंतीवर लावला होता. वहिनी चहाचा कप घेऊन त्यासमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "वन्सं, मोजायला माहिती केवढी घेतलीत?"

"थोडीशीच. का?"

"मग ती सगळी कॅशमध्येच मावली असेल. मेमरीपर्यंत कुणी गेलंच नाही."

(कॅश म्हणजे रोकड नव्हे. प्रोसेसर नेहमी लागणारं स्वतःजवळच्या छोट्या कप्प्यात ठेवतो, ओट्यावर मिठाची बरणी ठेवावी तसं. मी बरणीचा वेग मोजून तो माळ्याचा म्हणून सांगत होते.) तिने हे चारचौघांत ओरडून सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं. हळू बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

मी इरेला पेटले. कॅशमध्ये मावणार नाही एवढी प्रचंड माहिती घेतली. तरी आकडा झकासच! कारण मी ओळीने वाचत होते, आणि प्रोसेसर महाआगाऊ. पुढचं काय लागणार ते ओळखून आधीच आणून ठेवत होता. (आई वहिनीच्या हातात मागण्याआधी चहा देते तसा. मला मागूनही मिळत नाही.) मग मी सगळे पत्ते पिसले. मेमरीतल्या प्रत्येक घरात पुढच्या घराचा पत्ता, आणि तो भलतीकडचाच. आता ओळख म्हणावं! चाचणी भेटीला येणाऱ्या गिऱ्हाइकासमोरच चालवायची, वहिनीला आधी दाखवायची नाही, असं ठरवलं.

बैठकीत साहेब, गिऱ्हाईक आणि कोपऱ्यात वहिनी. मी बटण दाबलं. पडद्यावर वेळ आला: शून्य. दादा, माणसाने तिथे थांबावं की नाही? मी छाती फुगवून म्हणाले, "आमच्या मेमरीला वेळच लागत नाही!" गिऱ्हाइकाने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. शून्य तसंच.

वहिनी खोकली. मी तिकडे बघितलं नाही. ती पुन्हा खोकली. शेवटी साहेबच म्हणाले, "बोला हो, नाहीतर घसा बसेल."

"वन्सं, शेवटी कुठल्या घरी पोहोचलात ते छापलंय का?"

नव्हतं छापलं. आपलं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर म्हणे, उत्तर कुणाला नकोच आहे तर सगळी वणवण करायचीच कशाला, असं ठरवून अख्खं कामच गाळतो! मी एक ओळ घातली, आणि खरा आकडा आला. संथ, रडका आकडा. मी मान खाली घातली, तर गिऱ्हाईक खूश! त्यांची यंत्रं नेमकी तेवढीच रखडत होती, आणि आमचा झकास आलेख पाहून आमच्या मोजमापावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता; ते सौदा मोडायला आले होते. साहेबांनी वहिनीचं तोंडभरून कौतुक केलं. ती म्हणाली, "काम सगळं वन्संचं, मी एक ओळ सुचवली." घ्या! म्हणजे मोठेपणाही तिच्याच वाट्याला. माझी रात्रभर नुसती तगमग.

तेव्हा तुझ्या बायकोला तू जरा समज दे.

तुझीच,
धाकटी

ता. क. समज देऊ नकोस. तिने तुझ्या गावच्या शाखेत बदली मागितली आहे, साहेब सही करायच्या बेतात आहेत. सूनबाई जाणार म्हणून आई परवापासून चहात साखर घालायला विसरते आहे.

ता. क. २. माझ्या पुढच्या चाचणीचा आकडा पुन्हा संशयास्पद झकास येतोय. शेजारच्या खुर्चीवर खोकायला कुणीतरी हवं. तिला तिकडे नेण्यापेक्षा तूच इकडे बदली घे ना! मी वरची हवेशीर खोली सोडते. (तिच्यासाठी. तुझ्यासाठी नव्हे.)