साडेचार फुटी यंत्रमानव

१७ नोव्हेंबर १९९७, सोमवार. शेवगाव.
आजपासून रोज लिहिणार. पुढे लोक विचारतील. विज्ञानाच्या सरांची बदली झाली, म्हणून यंत्रमानव स्पर्धेचं मार्गदर्शन उत्तमराव हेडसरांनी माझ्याकडे दिलं. मी चित्रकलेचा शिक्षक, पण घरचा मिक्सर मीच दुरुस्त केला होता. नंतर बायकोने, भारतीने, नवा आणला, तो विषय वेगळा. स्पर्धा ७ डिसेंबरला, नगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात. यंत्राने चेंडू ढकलत टोपलीत नेऊन टाकायचा. एवढंच.

१८ नोव्हेंबर.
टीम ठरली. नववीतल्या दीना साळवे आणि रश्मी. दीनाचे वडील शेतीपंपाच्या मोटारी दुरुस्त करतात. दोघींना चार चाकांची चपटी गाडी करायची होती. मी म्हणालो, यंत्रमानव म्हटल्यावर मानव हवा. डोकं, छाती, मिशी.

२१ नोव्हेंबर.
तेलाचे रिकामे डबे आणले. चेहरा रंगवायला तीन तास. मिशी आरशात बघून काढली, उत्तम. हेडसर बघून म्हणाले, हा ओळखीचा वाटतो. मी विषय बदलला. वायरिंग मुलींकडे दिलं. कामाची वाटणी महत्त्वाची.

२४ नोव्हेंबर, मधली सुट्टी.
दीना नियमांचा कागद घेऊन आली. "सर, उंची एक फुटाच्या वर चालनार न्हाई, असं लिव्हलंय." कागद इंग्रजीत. दोनदा वाचला. असे नियम सर्वसामान्य यंत्रांसाठी असतात. सध्या उंची साडेचार फूट. टोपी बाकी.

२९ नोव्हेंबर.
पहिली चाचणी. यंत्रमानव पुढे सरकला आणि थेट हेडसरांच्या पायांवर पालथा पडला. हेडसर गहिवरले. तसंच ठरवलं होतं, असं मी सांगितलं. रश्मी म्हणाली, "वरचं वजन लई हाय, सर." मुलींमध्ये आत्मविश्वास कमी. खाली दोन विटा बांधल्या. आता पडत नाही. चालतही नाही, पण उभा छान दिसतो.

३ डिसेंबर.
हेडसरांनी प्रार्थनेच्या वेळी जाहीर केलं, ढाल आपलीच. बक्षीस घेतानाचं भाषण पाठ करतोय. भारती म्हणाली, आधी नियम पाठ करा. तिला तांत्रिक बाबी समजावणं अवघड.

७ डिसेंबर, सकाळी साडेदहा. नगर.
दारातच परीक्षक बाई, हातात फूटपट्टी. म्हणाल्या, याला आत घेता येणार नाही. मी कलेवर बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा फूटपट्टी लावली. दीना रडत होती. मोटार बसवून द्यायला तिच्या वडिलांनी दोन दिवस दुकान बंद ठेवलं होतं. हे मला आजच कळलं.
तिनेच बाईंना विचारलं, "वरचं काढलं तर चालंल का?"
तासभर वेळ मिळाला. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणालो, काढा.

दुपारी दोन.
मी डोकं धरून बसलो होतो. यंत्रमानवाचं. विटाही काढल्या. खाली चपटी गाडी उरली. मुलींनी पुढे पत्र्याची पट्टी लावली. गाडी सरळ गेली, चेंडू टोपलीत. बावीस शाळांत दुसरा नंबर.
बाईंचा लेखी शेरा: वरचा अनावश्यक भाग काढल्यावर यंत्र उत्तम चालते. खाली मार्गदर्शक म्हणून माझं नाव.

८ डिसेंबर.
शाळेत सत्कार. नारळ मला, टाळ्या मला. सहा मिनिटं बोललो. कोणी थांबवलं नाही. समोर दोघी मांडी घालून बसल्या होत्या, त्याही टाळ्या वाजवत होत्या. सातव्या मिनिटाला पुढचं काही सुचेना. नारळ दीनाच्या हातात दिला आणि खाली बसलो.
शाळा सुटल्यावर त्या गाडी आवरत होत्या. दार लावून घेतलं आणि दीनाला हळूच विचारलं, यात पॉझिटिव्ह वायर कोणती.
ती हसली नाही. "लाल, सर," म्हणाली.
लाल. लिहून ठेवतो.