उजेडाच्या वहीतली सही

प्रिय थेल्मा,

स्केल्बी हॉलच्या उजेडाच्या वहीत यंदाच्या जूनमधल्या तीन आठवड्यांखाली तुझी सही आहे. तू तर गेल्या ऑक्टोबरातच काम सोडून व्हिटबीला लेकीकडे गेलीस. म्हणून हे पत्र.

हिरव्या खोलीतल्या पलंगाच्या पडद्यांना वर्षभरात किती उजेड दाखवायचा हे ठरलेलं असतं, हे नव्या व्यवस्थापिका टॅम्सिनबाईंना मी दोनदा सांगितलं. पण त्यांना लग्नाचे फोटो हवे होते. खिडकीशी नवरी, मागे पलंग. खिडकीच्या झडपा सकाळी उघडल्या की संध्याकाळपर्यंत उघड्याच. "अहो एनिड, तीनशे वर्षं टिकलेत ते. तीन आठवड्यांत काय वितळणारेत?" टिकले ते अंधारात ठेवले म्हणून, बाई! त्यांचं विरलेलं भरतकाम सावरायला आपण दोघींनी नऊ हिवाळे भिंगाखाली एकेक टाका घातला. खंड्याचा पंख तुझा, बोरूची पाती माझी. आता तो पंख भांडी पुसायच्या फडक्यासारखा दिसतो. खरा निळा फक्त घडीच्या आत उरलाय.

हॉल सांभाळणाऱ्या संस्थेचे तपासनीस येणार म्हटल्यावर टॅम्सिनबाईंना वही आठवली. झडपा कधी उघडल्या, यंत्राने किती उजेड दाखवला, नोंद कुणी केली, सगळंच कोरं. मग त्यांनी गेल्या जूनची पानं समोर ठेवली आणि जशीच्या तशी उतरवली. 'ढगाळ' हा शेरासुद्धा! या जूनमध्ये ढग औषधालाही नव्हता. आणि घाईघाईत सहीचा रकानाही उतरला.

तपासनीसांनी फिकटलेला पडदा पाहिला, वही पाहिली. "थेल्मा पिकर्सगिल कोण? यांना यंत्र वाचता येत नव्हतं का?" टॅम्सिनबाई क्षणभर गडबडल्या. मग शांतपणे चहा ओतत म्हणाल्या, "फार गोड बाई हो. पण वय झालं होतं त्यांचं." वय! सुईत दोरा ओवायला मी चष्मा शोधेपर्यंत तुझे चार टाके घालून व्हायचे.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. ते तीन आठवडे हिरव्या खोलीत राखणीला मीच होते. वही माझ्या हाताशी होती. "पटत नसेल तर खाली दुकानात पोस्टकार्डं विकायला बसा," असं त्या म्हणाल्या आणि मी गप्प बसले. माझा हार्वे गेल्यापासून ती खोली सोडून मला कुठे जायला उरलं नव्हतं. खोटं लिहायचं नाही म्हणून पानं कोरी ठेवली, एवढाच माझा बाणेदारपणा. त्या कोऱ्या पानांत तुझं नाव बसवायला जागा मीच करून दिली. तपासनीस तुझ्याबद्दल विचारत होते तेव्हाही मी दारातच उभी होते. तोंड उघडायला आणखी दोन दिवस लागले. माझ्यावर हवी तेवढी रागाव, पण आधी 'ही सही माझी नाही' एवढं लिहून विभागीय कचेरीला पाठव.

तुझीच, तुझ्यापुढे मान वर करू न शकणारी,
एनिड

शुक्रवार, ४ जुलै. विभागीय कचेरीत तपासनीसांच्या हाती दिलं: उजेडाच्या वह्या, गेल्या वर्षीची आणि यंदाची. माझा जबाब, दोन पानं, त्या तीन आठवड्यांच्या माझ्या हजेरीसह. हिरव्या खोलीची किल्ली. माझा बिल्ला.